निष्ठा ब्रँडशी की माउंटशी?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या पत्रांतील निम्म्या शंकांचे मूळ त्याच उत्तरात सापडते.

प्रश्न : मी हौशी पक्षी-छायाचित्रकार आहे. फिल्मच्या काळापासून एकाच कंपनीचे कॅमेरे वापरत आलो आहे. मधल्या काळात इतर कंपन्यांचे कॅमेरे काही बाबतींत सरस निघाले, हे मलाही मान्य आहे. तरी मी कंपनी बदलली नाही. माझा मुलगा याला आंधळी भक्ती म्हणतो. छायाचित्रकार एखाद्या ब्रँडला इतके चिकटून का राहतात?

उत्तर : आपल्या चिरंजीवांचा आरोप फार तर निम्मा खरा मानता येईल. कॅमेरा बदलायचा म्हणजे काय काय बदलावे लागते, याची यादी एकदा कागदावर मांडली की त्यातला भक्तीचा भाग बराच उतरतो आणि हिशेबाचा भाग वर येतो. बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, हा त्या यादीतील सर्वांत लवकर जुना होणारा भाग असतो. काही वर्षांतच तिच्याहून सरस बॉडी बाजारात येते आणि जुन्या बॉडीची किंमत झपाट्याने घसरते. चांगली लेन्स मात्र नीट सांभाळली तर दोन-दोन दशके काम देते. त्यातून पक्ष्यांसाठी लागणारी लांब पल्ल्याची टेलिफोटो लेन्स अनेकदा बॉडीपेक्षा कितीतरी महाग असते आणि तिच्यासोबत टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारे जोडभिंग), फ्लॅश, बॅटऱ्या, चार्जर असा सारा लवाजमा येतो. या सगळ्याला एकत्र बांधून ठेवते ते माउंट, म्हणजे बॉडीच्या तोंडावरची ती धातूची कडी, जिच्यात लेन्स फिरवून अडकवली जाते. प्रत्येक कंपनीच्या कडीचा आकार वेगळा, तिच्यावरचे विजेचे संपर्कबिंदू वेगळे आणि त्या बिंदूंमधून लेन्स व बॉडी यांच्यात होणाऱ्या संदेशांची पद्धतही वेगळी असते. म्हणून माणूस जेव्हा वर्षानुवर्षे एका ब्रँडबरोबर राहिलेला दिसतो, तेव्हा तो पुष्कळदा एका माउंटबरोबर राहिलेला असतो, असे माझे मत आहे. ब्रँडविषयीचे प्रेम त्यामागून येते.

हे मत पारखून पाहण्याची सोय कॅमेऱ्यांच्या इतिहासानेच करून ठेवली आहे, कारण ब्रँड आणि माउंट यांची फारकत झाल्याचे प्रसंग त्यात घडले आहेत. मिनोल्टाचे उदाहरण घ्या. या कंपनीने १९८५ मध्ये ‘मिनोल्टा ७०००’ हा बॉडीतच ऑटोफोकसची यंत्रणा असलेला आणि बाजारात खऱ्या अर्थाने यशस्वी झालेला पहिला एसएलआर (लेन्समधून येणारे दृश्य आरशाने डोळ्यापर्यंत पोहोचवणारा कॅमेरा) आणला आणि त्यासाठी ए-माउंट ही नवी कडी सुरू केली. पुढे २००३ मध्ये मिनोल्टा आणि कोनिका यांचे विलीनीकरण झाले आणि २००६ मध्ये या एकत्रित कंपनीने कॅमेऱ्यांच्या धंद्यातून अंग काढून घेतले. ब्रँड संपला. मात्र त्याच वर्षी सोनीने तेच माउंट घेऊन ‘अल्फा १००’ बाजारात आणला आणि जुन्या मिनोल्टा लेन्सा बाळगून असलेले पुष्कळ लोक, ज्या कंपनीला तोवर ते कॅमेऱ्यांची कंपनी मानायलाही फारसे तयार नव्हते, तिचे ग्राहक झाले. निष्ठा केवळ नावाशी असती, तर ती नावाबरोबर मावळायला हवी होती. उलट बाजूने सॅमसंगचे पाहा. या कंपनीने २०१० मध्ये एनएक्स नावाची मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची, मालिका सुरू केली, तिच्यात काही उत्तम बॉडी दिल्या आणि काही वर्षांतच ती गुंडाळली. तिचे माउंट पुढे कोणी चालवले नाही, त्यामुळे त्या लेन्सा नव्या बॉडीविना पोरक्या झाल्या. सॅमसंगची इतर उपकरणे घराघरांत असूनही त्या नावाच्या बळावर कॅमेऱ्याचा ग्राहक टिकवता आला नाही.

दुसरा प्रसंग याहून बोलका आहे. कॅननच्या एफडी माउंटवर १९७१ पासून व्यावसायिकांनी आपला संच उभा केला होता. १९८६ मध्ये कंपनीने ‘टी९०’ हा त्या माउंटचा अतिशय प्रगत कॅमेराही दिला. आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८७ मध्ये, ‘ईओएस ६५०’बरोबर ईएफ हे संपूर्ण नवे माउंट आणून जुन्या लेन्सांचा रस्ता बंद केला. घोडे अडले ते दोन मिलिमीटरवर. लेन्स ज्या कडीवर बसते तिथपासून फिल्मपर्यंतचे अंतर एफडीमध्ये ४२ मिलिमीटर होते, ईएफमध्ये ते ४४ मिलिमीटर झाले. कमी अंतरासाठी घडवलेली लेन्स जास्त अंतराच्या बॉडीवर लावली, तर ती फिल्मपासून नको इतकी दूर राहते आणि तिला दूरचा विषय फोकसमध्ये आणता येत नाही. मधे भिंग असलेला अडॅप्टर घातला, तरच हे जमते. कॅननने तसा एक कन्व्हर्टर केलाही, पण तो ठरावीक टेलिफोटो लेन्सांपुरताच होता. एफडीवाल्यांचा संताप समजण्यासारखा होता आणि ‘सगळे नव्यानेच घ्यायचे तर मग कॅननच कशाला?’ हा प्रश्न त्यांच्यापैकी कित्येकांनी विचारला.

तरीही कॅनन त्यातून तरली, इतकेच नव्हे तर पुढे निकॉनच्या हातून क्रीडा-छायाचित्रकार खेचून घेण्याइतकी पुढे गेली. याचे श्रेय नव्या माउंटलाच द्यावे लागते. फोकस फिरवणारी मोटर बॉडीत न ठेवता लेन्समध्ये ठेवल्यामुळे मोठ्या टेलिफोटो लेन्सला तिच्या वजनाला पेलेल अशी मोटर देता आली. त्याच वर्षी आलेल्या ३०० मिमी एफ/२.८ लेन्समधील अल्ट्रासॉनिक मोटर धावत्या खेळाडूवर ज्या वेगाने आणि जितक्या शांतपणे फोकस धरत असे, तसे बॉडीतील मोटरने आणि तिची गती लेन्सपर्यंत नेणाऱ्या दांड्याने जमत नव्हते. मैदानाच्या कडेला पांढऱ्या लेन्सांची रांग दिसू लागली ती त्यानंतर. यावरून असेही दिसते की व्यावसायिकाची निष्ठा तोडता येते, पण त्यासाठी समोरच्याकडे थोडे सरस काही असून भागत नाही. पोटापाण्याचे छायाचित्र ज्यावाचून हुकते आहे, अशी एखादी गोष्ट त्याच्याकडे असावी लागते.

हिशेबाबाहेरची एक गोष्ट मात्र उरते आणि आपल्यासारख्या पक्षी टिपणाऱ्याच्या बाबतीत ती पैशापेक्षाही मोठी आहे. ती म्हणजे हाताची सवय. कॅननची लेन्स समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बसवतात, निकॉनची उलट दिशेने. फोकसची कडी फिरवण्याची दिशाही या दोघांत उलटी आहे. निकॉनने चालू-बंद करण्याचा खटका बहुतेक बॉडींवर शटरच्या बटनाभोवती ठेवला, तर कॅननने आपल्या वरच्या श्रेणीच्या बॉडींवर अंगठ्याखाली मोठी चकती दिली. मेन्यूंची रचना आणि अंगठ्याने फोकस लावायच्या बटनाची जागा हे आणखी वेगळे. खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा हे सारे आठवायला वेळ नसतो. बोटांनी ते आपणहून करायचे असते. कंपनी बदलणारा अनुभवी छायाचित्रकार पहिले काही महिने नवशिक्यासारखे क्षण चुकवतो आणि हे चुकलेले क्षण तुलनेच्या कुठल्याही तक्त्यात मोजले जात नाहीत.

तेव्हा चिरंजीवांना सांगा की इतर कॅमेरे सरस निघाले तरी आपण बदलला नाहीत, हे शहाणपणाचेच होते. कारण या क्षेत्रात आघाडी फार काळ एकाकडे राहत नाही. १९९० च्या दशकात ऑटोफोकसमध्ये कॅनन पुढे होती, २००७ मध्ये निकॉनच्या ‘डी३’ने अंधूक उजेडातील छायाचित्रणात तिला मागे टाकले, २०१७ मध्ये सोनीच्या ‘ए९’ने सेकंदाला २० चित्रे आणि तीही डोळ्यासमोरचे दृश्य मधे क्षणभरही अंधारू न देता घेऊन दाखवली. दर वेळी आघाडीमागे धावणारा माणूस लेन्सा विकण्यात आणि पुन्हा घेण्यातच गुंतून राहिला असता. चिरंजीवांचे म्हणणे खरे ठरेल ते एकाच परिस्थितीत: आपल्या कॅमेऱ्यामुळे आपले पक्षी सातत्याने हुकत असतील आणि तरीही आपण ते कबूल करत नसाल.

प्रश्न : लेन्सांचा हिशेब मला पटतो, पण ज्यांच्याकडे एक बॉडी आणि तिच्याबरोबर आलेली एकच लेन्स आहे, ते लोकही ब्रँडवरून हमरीतुमरीवर येतात. त्यांचे काय अडकलेले असते?

उत्तर : त्यांची निवड अडकलेली असते. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये केलेल्या एका प्रयोगात स्त्रियांना घरगुती वापराच्या काही वस्तूंना गुण द्यायला सांगितले, मग त्यांपैकी दोन वस्तूंतून एक निवडून घ्यायला सांगितले आणि थोड्या वेळाने पुन्हा गुण द्यायला लावले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले आणि सोडलेल्या वस्तूचे घटले, विशेषतः दोन्ही वस्तू सुरुवातीला जवळपास सारख्याच वाटल्या होत्या तेव्हा. कॅमेऱ्यांची गोष्ट नेमकी हीच आहे. एकाच किमतीच्या दोन कंपन्यांच्या बॉडींत आज इतका थोडा फरक असतो की निवड करताना मन दोलायमान होते, आणि निवड जितकी अवघड गेली असेल तितके तिचे समर्थन नंतर जोरात करावे लागते. फरक ठळक असता, तर वादच उरला नसता.

त्यात आणखी एक भर पडते. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचा एक साधा मग दिला आणि तो किती पैशांना विकाल असे विचारले. ज्यांना मग मिळाला नव्हता त्यांना तो कितीला घ्याल असे विचारले. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी दुसऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत सांगितली. तो मग तर काही मिनिटांपूर्वीच हाती आलेली वस्तू होती. ज्या कॅमेऱ्याने मुलाचे पहिले पाऊल टिपले, त्याची बाजारातील किंमत ऐकून मालकाला राग का येतो, हे यावरून लक्षात यावे.

हौशी लोकांमध्ये ही चुरस व्यावसायिकांहून अधिक दिसते, असे माझे निरीक्षण आहे. व्यावसायिकाची ओळख त्याच्या कामातून होते आणि कॅमेरा त्याला पुष्कळदा संस्थेकडून मिळतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२० मध्ये जगभरच्या आपल्या छायाचित्रकारांसाठी सोनीची सामग्री स्वीकारली, तेव्हा त्यांतील अनेकांनी वर्षानुवर्षांची सवय मोडून नवी सामग्री हाती घेतली. त्यासाठी कोणाला धर्मांतराची भाषा करावी लागली नाही. ज्याच्याकडे दाखवायला अजून फारसे काम नाही, त्याला मात्र गळ्यातल्या पट्ट्यावरचे नाव हीच ओळख वाटू लागते. हे थोडे कठोर वाटेल, पण खरे आहे.

प्रश्न : एका कंपनीच्या कॅमेऱ्यात त्वचेचे रंग नैसर्गिक येतात आणि दुसऱ्या कंपनीचे हिरवट किंवा पिवळसर येतात, असे सर्रास सांगितले जाते. यात तथ्य किती?

उत्तर : जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यातच संस्कार होऊन आलेले चित्र, घेणाऱ्यांच्या बाबतीत तथ्य आहे; रॉ, म्हणजे संस्काराविना साठवलेली, फाइल घेऊन स्वतः संस्कार करणाऱ्यांच्या बाबतीत ते बरेच विरळ होते. सेन्सरला, म्हणजे फिल्मच्या जागी आलेल्या प्रकाश टिपणाऱ्या पटलाला, स्वतःला रंग कळत नाही, त्याला फक्त उजेड कमी की जास्त एवढेच कळते. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांनी १९७० च्या दशकात सुचवलेल्या रचनेनुसार सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची सूक्ष्म चौकट बसवलेली असते, तिच्यात निम्म्या गाळण्या हिरव्या असतात आणि प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढले जातात. त्या आकड्यांमधून गाल किती गुलाबी दाखवायचा, हा कंपनीच्या अभियंत्यांनी घेतलेला निर्णय असतो. निकॉनच्या कित्येक बॉडींमध्ये सोनीने तयार केलेले सेन्सर असतात, तरी दोघांचे जेपेग वेगळे दिसते, यावरून बराचसा रंग पुढच्या प्रक्रियेत ठरतो हे स्पष्ट होते. फुजीफिल्मने तर ही गोष्ट उघडपणे विकली आहे. प्रोव्हिया, व्हेल्व्हिया, अ‍ॅस्टिया या आपल्याच जुन्या फिल्मांच्या नावांनी तिने रंगांचे साचे कॅमेऱ्यात दिले आणि त्या साच्यांसाठी तिच्याकडे राहणारे लोक आहेत.

रॉ फाइल उघडताना मात्र संगणकावरील सॉफ्टवेअर स्वतःचा रंगसाचा लावते. पुष्कळदा ज्या रंगाचा दोष कॅमेऱ्याला दिला जातो, तो या साच्याचा किंवा चुकलेल्या व्हाइट बॅलन्सचा (उजेडाचा रंग कसाही असला तरी पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेल्या जुळणीचा) असतो. आपल्याला शंका असेल, तर एकाच उजेडात, एकाच व्यक्तीचे, राखाडी कार्ड हातात देऊन दोन्ही कॅमेऱ्यांनी रॉ छायाचित्र घ्या, दोन्हींचा व्हाइट बॅलन्स त्या कार्डावरून लावा आणि कोणते कोणाचे हे दुसऱ्या कोणाला तरी ओळखायला सांगा. तरीही एका बाबतीत ब्रँडला धरून राहणाऱ्यांची बाजू मला रास्त वाटते: ज्याला रोज शेकडो चेहऱ्यांची छायाचित्रे त्याच दिवशी द्यायची आहेत, त्याला कॅमेऱ्यातून थेट मनाजोगता रंग मिळणे म्हणजे कित्येक तासांची बचत आहे.

प्रश्न : मी आता पहिलाच कॅमेरा घेणार आहे. कोणत्या कंपनीपासून सुरुवात करावी?

उत्तर : बॉडीची तुलना थोडी बाजूला ठेवा आणि पाच वर्षांनी आपल्याला लागतील अशा दोन-तीन लेन्सा कोणत्या माउंटवर, कोणत्या आकारात आणि कोणाकडून मिळतात ते आधी पाहा. सोनीने आपल्या ई-माउंटचा मूलभूत तपशील २०११ मध्येच इतर लेन्स-निर्मात्यांना खुला केला, त्यामुळे त्यावर सिग्मा, टॅमरॉन आदींच्या लेन्सांची रेलचेल आहे. कॅननने आपल्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या आरएफ माउंटवर इतरांच्या ऑटोफोकस लेन्सांना बराच काळ दूर ठेवले आणि २०२४ मध्ये लहान सेन्सरच्या बॉडींसाठी परवाना देऊन दार किलकिले केले. मायक्रो फोर थर्ड्स आणि एल-माउंट ही एकाहून अधिक कंपन्यांनी मिळून चालवलेली माउंट आहेत. वजन पेलत नसेल, तर लहान सेन्सरचा विचार निःसंकोच करावा. आणि मित्राकडे चांगल्या लेन्सा असतील व तो त्या उसन्या देणारा असेल, तर त्याचाच ब्रँड घ्यावा. याहून व्यवहारी सल्ला माझ्याकडे नाही.

प्रश्न : माझ्याकडे निकॉनच्या एफ-माउंटच्या बऱ्याच जुन्या लेन्सा आहेत आणि माझ्या बहिणीकडे कॅननच्या ईएफ लेन्सा. आम्हा दोघींनाही मिररलेस घ्यायचा आहे. आपापल्या कंपनीत राहिल्यास जुन्या लेन्सा खरोखर कामाला येतील का?

उत्तर : बहिणीच्या सगळ्या येतील, आपल्या काही येतील. यामागचे कारण वर सांगितलेल्या १९८७ च्या निर्णयात आहे.

मिररलेसमध्ये आरसा नसल्यामुळे माउंट सेन्सरच्या बरेच जवळ आणता आले. निकॉनच्या एफ-माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर होते, २०१८ च्या झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटर झाले. कॅननने त्याच वर्षी ४४ वरून आरएफ माउंटमध्ये २० मिलिमीटरवर आणले. अंतर घटले की जुन्या लेन्ससाठी मधे एक पोकळ नळी घातली तरी पुरते, भिंगाची गरज पडत नाही. त्यामुळे दोन्ही कंपन्यांना नव्या माउंटबरोबरच अडॅप्टर देता आले आणि १९८७ सारखा उठाव झाला नाही.

फरक पडला तो नळीतून पलीकडे काय पोहोचवायचे यात. ईएफ माउंट पहिल्या दिवसापासून पूर्णपणे विजेवर चालणारे आहे. फोकसची मोटर आणि अ‍ॅपर्चरची (उजेड आत घेणाऱ्या छिद्राची) पाती हलवणारी यंत्रणा लेन्समध्येच असते आणि बॉडी फक्त संदेश पाठवते. म्हणून अडॅप्टरने ते संदेश पलीकडे पोहोचवले की १९८७ ची ईएफ लेन्सही आजच्या आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालते. निकॉनने याउलट १९५९ पासूनची कडी जपली. ही निष्ठा मोठीच होती, पण तिच्यापायी ऑटोफोकसच्या पहिल्या पिढीतील लेन्सा बॉडीतील मोटरने फिरणाऱ्या दांड्यावर अवलंबून राहिल्या. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये तशी मोटर नाही. त्यामुळे स्वतःची मोटर असलेल्या, म्हणजे नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलेल्या लेन्सा झेड बॉडीवर ऑटोफोकस करतात. नुसते एएफ लिहिलेल्या लेन्सांचा, एएफ-डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्याही यांतच आल्या, प्रकाशमापनासाठी आणि अ‍ॅपर्चरसाठी नीट उपयोग होतो, मात्र फोकस हाताने करावा लागतो. ज्या कंपनीने आपल्या ग्राहकांना एकदा दुखावले तिचे पुढचे ग्राहक निर्धास्त झाले आणि जिने कोणाला दुखावले नाही तिच्या काही जुन्या मंडळींच्या वाट्याला हाताने फोकस करणे आले, हा या इतिहासातला विरोधाभास आहे.

आपल्या लेन्सांच्या नळीवर एएफ-एस, एएफ-पी आणि नुसते एएफ यांपैकी काय लिहिले आहे, ते आधी पाहून घ्या. मोटर असलेल्या लेन्सा जास्त असतील, तर अडॅप्टर घेऊन निकॉनमध्येच राहणे स्वस्त पडेल. बहुतेक एएफ-डी असतील आणि स्थिर विषय टिपण्याची आवड असेल, तर झेड बॉडीतील दृश्य मोठे करून हाताने फोकस लावणे जुन्या डीएसएलआरपेक्षा (डिजिटल एसएलआरपेक्षा) सोपे जाते, हे लक्षात घ्यावे. आणि बहुतेक एएफ-डी असून हलते विषय टिपायचे असतील, तर आपल्याला निकॉनमध्ये राहण्याचे बंधन उरलेले नाही. त्या स्थितीत बहिणीच्या कंपनीचा विचार करावा, म्हणजे तिच्या ईएफ लेन्सा दोघींनाही वापरता येतील.